वेदीवरचे पात्र आणि बिअरचे पिंप

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीतल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 31व्या प्रकरणात कोठी सांभाळणाऱ्या साधूला एक ताकीद आहे: मठातले प्रत्येक भांडे वेदीवरच्या पवित्र पात्राइतकेच जपावे. म्हणजे प्रार्थनागृहातला प्याला आणि कोठीतले पिंप यांत भेद नाही. बेल्जियममधले ट्रॅपिस्ट साधू आजही हीच नियमावली पाळतात, आणि त्यांचे काही मठ बिअरसाठीच जगभर ओळखले जातात. पण भांडे पवित्र होते ते कशाने? मंत्राने, की घासणाऱ्याच्या लक्षाने?

या प्रश्नाचा खरा कस मठापेक्षा घरी बिअर करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात लागतो. अमेरिकेत 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली आणि हा छंद फोफावला. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय असला उद्योग हा गुन्हाच.) भरडलेले माल्ट 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, गोड पाणी निथळून घ्यायचे, हॉप्स घालून उकळायचे, झटपट गार करायचे आणि यीस्ट सोडायचे. निथळताना चोथा घट्ट बसून धार थांबली, तर पुढच्या वेळी माल्टमध्ये भाताचा तूस मिसळावा. पहिल्या उकळीला फेस उतू जातो. तेव्हा पातेले काठोकाठ भरू नये आणि तिथून हलू नये. हे झाले सोपे त्रास.

अवघड त्रास दिसत नाहीत. उकळीपर्यंत भांड्याला थोडे काही चिकटलेले असले तरी चालून जाते, कारण उकळी जंतूंना मारते. गार झाल्यानंतर मात्र जे जे बिअरला लागेल, ते घासलेले तर हवेच, शिवाय निर्जंतुकही हवे. प्लॅस्टिकच्या बादलीवर काथ्याने पडलेला बारीक ओरखडा जंतूंना पुरतो. त्याहून फसवी बादलीची तोटी. बाहेरून लखलखीत, पण सुटी केली की आतल्या खाचेत मागच्या खेपेचा बुळबुळीत तपकिरी थर निघतो. बाटल्या आंबट झाल्या की नवखा माणूस कृतीला दोष देतो, जुना आधी तोटी उघडतो. मराठी घराला हा भेद नवा नाही: घासलेले भांडे आणि सोवळ्यातले भांडे एक नव्हेत. फरक इतकाच, की इथला विटाळ पुढे जिभेला कळतो.

तो जंतू श्रद्धावंताचे पिंप ओळखत नाही. लुई पाश्चरने 1876 मध्ये बिअरवरचा ग्रंथ छापला. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने बिअर नासण्याचे खापर रानटी यीस्टवर फोडले आणि 1883 मध्ये शुद्ध यीस्ट वेगळे वाढवून दाखवले. म्हणजे प्रार्थना हरली आणि सूक्ष्मदर्शक जिंकला? हा निकाल घाईचा वाटतो. साखरेचे मद्य आजही माणूस करत नाही, यीस्ट करते. बिअरविषयीच्या 1516 च्या बव्हेरियन फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी यांची नावे आहेत. ज्याच्यावाचून काहीच घडत नाही त्या यीस्टचे नाही. माणसाच्या वाट्याला येते ती फक्त तयारी.

आणि वाट पाहणे. दोन दिवसांत बुडबुडे थांबले की नवखा घाबरतो, झाकण उघडून डोकावतो, आणखी यीस्ट ओततो. बहुतेकदा झाकणातून वायू निसटत असतो, एवढेच. शहाण्याने द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घ्यावा. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला आणि तो अपेक्षेपेक्षा बराच वर असला, तरच आंबणे अडले असे समजावे आणि भांडे थोडे उबदार जागी न्यावे. फळाच्या आसक्तीबद्दल गीता जे सांगते ते इथे शब्दशः लागू पडते: उतावीळ माणूस झाकण उघडतो आणि हवेबरोबर जंतूही आत घेतो.

बेनेडिक्टने 57व्या प्रकरणात आणखी एक सोय करून ठेवली आहे. कारागीर साधूला कौशल्याचा गर्व झाला, तर त्याला त्या कामावरून काढावे. भांडे पवित्र, पण ते हाताळणारा मोठा नव्हे. ट्रॅपिस्ट संघटनेचा नियमही याच वळणाचा आहे: बिअर मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली व्हावी आणि नफा मठाचा चरितार्थ व दानधर्म यांसाठी जावा. बेल्जियममधल्या आखेलच्या मठात साधू उरले नाहीत, तेव्हा 2021 मध्ये तिथल्या बिअरवरची संघटनेची षटकोनी मोहोर गेली. पिंपे जागच्या जागी होती, आणि बिअरच्या चवीबद्दल कोणाची तक्रार नव्हती.