भाजक न शोधता

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही ३९ अंकी संख्या म्हणजे २ चा १२७वा घात, वजा १. ती मूळ संख्या आहे, हे एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये दाखवून दिले, तेही संगणकाविना. पुढे १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणालाच ठाऊक नव्हती.

भाग जातो का हे भाग लावून पाहायचे, ही शाळेतली रीत इथे लुळी पडते. वर्गमुळापर्यंतच्या संख्याच १३ अब्ज अब्जांच्या घरात जातात. सेकंदाला एक तपासली तरी चारशे अब्ज वर्षे लागतील, आणि विश्वाचे वय चौदा अब्ज वर्षांच्याही आतले. संख्येच्या घडणीतून थोडी सवलत मिळते खरी: हिचा भाजक असलाच, तर त्याला २५४ ने भागून बाकी १ उरलीच पाहिजे. तरी काम आटोक्यात येत नाही.

ल्युकाने भाजकांचा नादच सोडला. त्याच्या कसोटीला पुढे डेरिक लेमरने नेटके रूप दिले, ते असे: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा. धाकट्या १२७ वर, म्हणजे २ चा ७वा घात वजा १ वर, हे करून पाहता येते. ४, १४, ६७, ४२, १११ आणि मग शून्य. ठरलेल्या पायरीला नेमके शून्य आले की संख्या मूळ. नाही आले तर संयुक्त. ३९ अंकी संख्येलाही अशा १२५ पायऱ्या पुरतात.

२ चा घात वजा १ ही संख्या ज्या घातांकांना मूळ ठरते, त्यांची यादी मारँ मर्सेनने १६४४ मध्ये दिली होती. तिच्यात ६७ होता, पण तो चुकीचा, हे ल्युकाने त्याच १८७६ साली ओळखले. २ चा ६७वा घात वजा १ ही संख्या फुटते एवढे त्याला कळले, कुठे फुटते ते नाही! १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक कोलने मांडले ते १९०३ मध्ये. एखादी वस्तू न पाहता ती आहे किंवा नाही हे निःसंशय सांगणे गणिताइतके क्वचितच कुठे जमते, आणि म्हणूनच ही १२५ पायऱ्यांची वाट थक्क करते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या पक्की करतानाही हीच कसोटी वापरली गेली.

मात्र ३, ७, १२७ आणि ल्युकाची संख्या या साखळीत प्रत्येक कडी पुढच्या कडीचा घातांक आहे, आणि चारही मूळ आहेत. पाचवीही तशीच असेल का? तिच्या कसोटीच्या पायऱ्या मोजायला ३९ अंक लागतात, म्हणजे ल्युकाची युक्ती इथे थकते. मग उरते ती जुनी रीतच, भाजक शोधण्याची. तो आजवर एकही हाती लागलेला नाही.