इंजिनाचे लाड

जालन्यात कुठल्याही गॅरेजात इंजिन बांधून घ्या, चावी हातात देताना मिस्तरी एकच पथ्य सांगतो: "हजार किलोमीटर चाळीस-पन्नासच्या आत ठेवा, मालक." मालक मान डोलावतो. खिशाला मोठी चाट बसलेली असते, त्यामुळे पुढचा महिनाभर तो ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवतो. सहा महिन्यांनी तीच गाडी निळा धूर मारू लागते, ऑइल खाऊ लागते. मग बोल लागतो लेथवाल्याला, रिंगांच्या कंपनीला, नाहीतर नशिबाला. महिनाभर केलेल्या लाडांचं नाव कोणी घेत नाही.

माझ्या मते अशा बऱ्याच गाड्या लाडानेच बिघडतात.

बोअर केलेला सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडाने त्याच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम पाडतात. खाचांत ऑइल टिकतं आणि रेघांचे वरचे कंगोरे पिस्टनवरच्या नव्या रिंगांशी घासून झिजतात. म्हणजे कारागीर शेवटचा हात जाणूनबुजून फिरवत नाही; तो फिरवायचं काम रिंग आणि भिंत यांच्यावर सोडतो. आता, रिंगेचा स्वतःचा ताण तिला भिंतीला थोडंफार टेकवून ठेवतो, पण खरा रेटा येतो जळत्या वायूचा. हा वायू रिंगेच्या पाठीमागे पिस्टनच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पाय हलका ठेवला की हा दाब तुटपुंजा पडतो. रिंग नुसती वरखाली सरकत राहते, भिंतीवर उरलेलं ऑइल तापून त्याचा चकचकीत, कडक थर धरतो. याला ग्लेझिंग म्हणतात. रेघा एकदा अशा बुजल्या की नंतर गाडी कितीही पळवली तरी रिंगा बसत नाहीत. इंजिन खोलून पुन्हा होन मारावं लागतं.

डिझेल जनरेटरवाल्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. मोठ्या क्षमतेचा जनरेटर घ्यायचा आणि त्यावर चार दिवे, दोन पंखे चालवायचे, हा प्रकार भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात कमी नव्हता. असं इंजिन दमून नाही, बिनकामाने खराब होतं. विमानांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी लायकॉमिंग ही अमेरिकन कंपनी नव्या किंवा दुरुस्त इंजिनासाठी सांगते की 65 ते 75 टक्के ताकदीवर उडवा, आणि पहिले 50 तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल ऑइलच वापरा. जिथे इंजिन बंद पडलं तर बाजूला घ्यायला रस्ता नसतो, तिथला हा सल्ला आहे.

मग मिस्तरी चुकीचं सांगतो का? अगदी तसंही नाही. नव्या बेअरिंगची आणि पिस्टनची फट कमी असते; घासण्याने उष्णता जास्त होते आणि सलग जोरात पळवलं तर पिस्टन पकडू शकतो. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या जमान्यात होनिंगही ओबडधोबड असायचं, ऑइलही आजच्याइतकं चांगलं नव्हतं. तेव्हाची सावधगिरी त्या काळाला धरून होती. पण ती आजवर टिकण्याचं एक कारण मला वेगळंच दिसतं. इंजिन जाम झालं तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहतं. रिंगा बसल्या नाहीत तर ते सहा महिन्यांनी येतं, आणि तोवर दोष कोणाचा हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. सल्ला देणारा जो तोटा लगेच अंगावर येतो त्यापासून आधी स्वतःला वाचवतो. यात लबाडी असतेच असं नाही. आपण सगळेच, घरात आणि कचेरीत, असेच सल्ले देतो.

इंजिनाला बदलता भार हवा, आणि तो समृद्धी महामार्गावर मिळत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून जिल्ह्यातली बांधलेली इंजिनं लोक कौतुकाने तिकडे नेतात आणि तासन्‌तास एकाच वेगाने चालवतात. त्यापेक्षा अंबड-वडीगोद्रीचा रस्ता बरा, तोही गाळपाच्या दिवसांत. अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या पुढे असतात. मागे रेंगाळायचं, रस्ता मोकळा दिसला की तिसऱ्या गिअरमध्ये निम्म्याहून जास्त ॲक्सिलरेटर दाबून पुढे जायचं, मग पाय काढायचा. पेट्रोल गाडीत पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते, ऑइल भिंतीवर वर खेचलं जातं आणि घासलेल्या लोखंडाची पूड धुतली जाते. डिझेलमध्ये ही ओढ फारशी नसते, पण भार चढणं-उतरणं तिथेही कामाचंच. अर्थात जड गिअरमध्ये इंजिन गुदमरवणं म्हणजे भार देणं नव्हे. आणि एप्रिल-मेच्या दुपारी हे सगळं करू नका. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षाराचं पाणी तर कधीच घालू नका.

जालना हे भंगार वितळवून सळ्या ओढणारं शहर आहे. इथे जुनी गाडी किलोवर देऊन टाकणं सोपं आहे. तरी लोक इंजिन बांधतात, आणि बांधल्यावर ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतात, याचं मला नवल वाटतं. जपायचंच असेल तर ऑइल जपा. घासलेल्या लोखंडाची सगळ्यात जास्त पूड पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच निघते, आणि फिल्टरच्या हाती न लागलेली पूड त्याच ऑइलमधून नव्या बेअरिंगवर फिरत राहते.

म्हणून पुढच्या वेळी चावी घेताना मिस्तरींना वेग विचारू नका. होनिंग कोणी केलं, रिंगा साध्या बिडाच्या की क्रोमच्या, हे विचारा. क्रोमच्या रिंगा बसायला जास्त वेळ घेतात. आणि पहिलं ऑइल, फिल्टरसकट, बदलायला हजार किलोमीटरची वाट पाहू नका.