प्राण्यांना नावे कोणी ठेवली?



उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एक छोटीशी गोष्ट आहे. उपासनेत तो अध्याय वाचला जातो तेव्हा आपले लक्ष पुढे येणाऱ्या हव्वेकडे असते, त्यामुळे ही गोष्ट कानावरून निघून जाते. परमेश्वराने मातीपासून पशू आणि पक्षी घडवले आणि त्यांना आदामाकडे आणले. कशासाठी? तर आदाम त्यांना काय नावे ठेवतो ते पाहण्यासाठी. सर्वज्ञ देवाला हत्तीचे नाव सुचत नव्हते असे नाही. नावांची यादी करून ती आदामाकडून दहा वेळा लिहून घेणे त्याला अशक्य नव्हते. पण तसे त्याने केले नाही. त्याने प्राणी समोर आणला आणि तो थांबला. आदामाने जे नाव ठेवले तेच त्या प्राण्याचे नाव झाले. देवाने त्यावर लाल शाईची फुली मारली नाही.

ही मला जगातली पहिली शाळा वाटते. त्या शाळेतला गुरू सर्व काही जाणतो आणि तरीही शिष्याच्या तोंडून काय येते याची उत्सुकतेने वाट पाहतो.

आज हा विषय काढण्याचे कारण तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या शाळेच्या काही पालकांनी माझ्याकडे एक निवेदन दिले. आठवी-नववीचे चित्रकला आणि संगीताचे तास बंद करावेत आणि त्या वेळात गणित-विज्ञानाचे जादा तास घ्यावेत, अशी त्यांची विनंती आहे. निवेदनाची भाषा नम्र आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. आपल्या आजोबांकडे केळीची बाग होती, पानवेली होत्या, विहीर होती. मुलगा शाळेत मागे पडला तर वाडीत उभा राहायचा. आज वाडी विकली गेली, तिच्या जागी इमारत आली. मुलाच्या हाती ठेवण्यासारखे आपल्याकडे शिक्षणाशिवाय फारसे काही उरले नाही. अशा वेळी आईबापांना चित्रकलेचा तास म्हणजे वाया गेलेली पस्तीस मिनिटे वाटली तर त्यांना दोष देता येत नाही.

दुसऱ्या टोकाचे म्हणणेही हल्ली ऐकू येते. शाळाच मुलांची प्रतिभा मारते, मुलांना मोकळे सोडले की ती आपोआप फुलतात, असे काहीजण म्हणतात. मला हे सरसकट पटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले तेव्हा त्यांना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. ते इंग्रज येशूसंघीय इथल्या लोकांपुढे विद्यार्थी होऊन बसले, भाषा घोटली, ओवीचे चलन आत्मसात केले आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापून आले. जवळपास अकरा हजार ओव्या! ओवीच्या शिस्तीने त्यांची प्रतिभा मेली नाही, उलट त्या शिस्तीनेच तिला पाय दिले. आपल्या बँडमधल्या कुठल्याही वादकाला विचारा, सरगमाचा कंटाळवाणा रियाज केल्याशिवाय कोणाचे बोट वळत नाही. तेव्हा पाढे, शुद्धलेखन, व्याकरण यांना मी शत्रू मानत नाही. आदामालाही नाव ठेवण्यासाठी भाषा लागलीच असणार.

मग मुलांमधले काय मरते, आणि ते कशाने मरते?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात शाळेतल्या दिवसांविषयी लिहिले आहे. लहानपणी ते देवाजवळ एकच मागणे मागत, ‘शाळेत मार बसू नये.’ मोठी माणसे, अगदी आईवडीलसुद्धा, त्या मारावर हसत. ग्रीक भाषा त्यांना छड्यांच्या धाकाने शिकवली गेली आणि तिचा त्यांना तिटकारा आला. लॅटिन मात्र दायांच्या लाडात, हसत-खेळत, कोणी न शिकवता आली. त्यांचा निष्कर्ष असा की, शिकण्यासाठी भयाच्या सक्तीपेक्षा मोकळ्या जिज्ञासेत अधिक बळ आहे. ऑगस्टीन संतुलित विचारवंत होते, त्यामुळे जिज्ञासेलाही वळण लागते असे ते लगेच पुढे सांगतात. तरीही त्या घाबरलेल्या मुलाची प्रार्थना ते म्हातारपणाकडे झुकतानाही विसरले नव्हते.

आज छडी कायद्याने गेली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. पण भीती गेली का? ती आता घरी राहायला आली आहे. चाचणीचा पेपर मिळाला की मूल आधी शेजारच्या मुलाचे गुण विचारते, कारण घरी गेल्यावर आई तेच विचारणार असते.

याच ऑगस्टीन यांनी 389 च्या सुमारास आपल्या मुलाबरोबरच्या संवादाच्या रूपात ‘गुरू’ या विषयावर एक ग्रंथ लिहिला. मुलाचे नाव अदेओदातुस. पुढे तो तरुणपणीच वारला. ग्रंथात मुलाच्या तोंडी घातलेले विचार खरोखर त्याचेच होते, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, हे बापाने नंतर कौतुकाने नमूद केले. त्या ग्रंथाचे सार असे की, शिक्षकाचे शब्द केवळ बोट दाखवतात, सत्य पटते ते आत वसणाऱ्या ख्रिस्तामुळे. शिक्षकाला काय वाटते एवढेच शिकायला कोणी मुलाला शाळेत पाठवील का, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. दहावीच्या गाईडमधली उत्तरे पाठ करताना हा सवाल आठवून पाहा.

हे विचार फार वरचे वाटत असतील तर आपल्याच पालघर जिल्ह्यात या. विरारहून डहाणू लोकल धरली की कोसबाडची टेकडी काही फार दूर नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडला हलवले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. कारण साधे होते. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कोणाला गुरे राखायची होती. ‘या मुलांना शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणून मोकळे होता आले असते. ताराबाईंनी त्याऐवजी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चरतात त्या माळावर भरली ती कुरणशाळा. मोजायला खडे आणि बिया, रंग-आकार ओळखायला पाने, फुले, शिंपले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडत नव्हती म्हणून हे केले हे खरे, पण त्यातून एक मोठी गोष्ट साधली. मूल ज्या वस्तूंना रोज हात लावते, ज्यांची नावे त्याला स्वतःला ठाऊक आहेत, त्याच वस्तू ज्ञानाचे साधन झाल्या. उत्पत्तीचा दुसरा अध्याय या बाईंच्या डोळ्यांसमोर नसेलही, पण त्यांनी केले तेच. वस्तू समोर ठेवली आणि मूल काय म्हणते ते ऐकले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर वापरात आहे.

आता चित्रकलेच्या तासाविषयी. निर्गमच्या 31 व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की, मी एका माणसाला माझ्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे. तो माणूस ना संदेष्टा, ना याजक, ना सेनापती. तो बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांचे नक्षीकाम करणारा. देवाचे पवित्रस्थान उभारायचे होते, त्यासाठी आत्म्याचे दान एका कारागिराच्या बोटांत उतरले. मग आपण कोणत्या अधिकाराने म्हणावे की, गणिताची वही देवाची आणि चित्राची वही वेळ घालवण्याची?

हो, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे मलाही माहीत आहे. त्या गुणांसाठी चित्रकला चालेल, नुसत्या चित्रासाठी नको, असे म्हणणारे पालकही मला भेटले आहेत. आणि दुकानात तयार मिळणारे ‘प्रोजेक्ट’? रात्री अकरा वाजता बाबा थर्माकोल कापतात, आई सजवते, मूल झोपलेले असते. अशा वेळी शाळेच्या नावाने खडे फोडणे मला तरी जमत नाही.

दहावीचा जून आला की आपल्या गायनमंडळातून मुले गळू लागतात, वेदीसेवकांची रांग आखूड होते. बारावीनंतर परत येतील म्हणतात. काही येतात.

श्रद्धाशिक्षणाच्या वर्गातली एक ताजी गोष्ट सांगतो. जलप्रलयाचा पाठ चालू असताना एका चौथीतल्या मुलीने विचारले, ‘मग मासे पण बुडून मेले का?’ वर्ग हसला. शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी सर्वांना पवित्र शास्त्र उघडायला लावले. सातव्या अध्यायात कोरड्या भूमीवरचे जीव मेले असे लिहिलेले सापडले. दरवर्षी तो पाठ आपण वाचतो, ‘कोरड्या भूमीवरचे’ या शब्दांकडे किती मोठ्यांचे लक्ष गेले होते? बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता, तेव्हा तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता, असे संत लूक सांगतो. त्या गुरुजनांनी त्याला गप्प बसवले असते तर मरिया आणि योसेफ यांना तो तिथे सापडलाच नसता.

म्हणून, निवेदन देणाऱ्या पालकांना माझे उत्तर असे. चित्रकला आणि संगीताचे तास चालू राहतील. गणितात जी मुले अडखळतात त्यांच्यासाठी दोन शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास द्यायला तयार आहेत. त्यासाठी शुल्क नाही, नावे कार्यालयात द्यावीत. आणि पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात पालकांची सभा ठेवली आहे. ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही त्यांनी तर अवश्य यावे.

येताना मुलाची एक वही सोबत आणा, कुठल्याही विषयाची चालेल. त्या वहीच्या मागच्या पानांवर मुलाने काय काय काढले आहे, लिहिले आहे ते आपण मिळून पाहू. रागावण्यासाठी नव्हे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाने फाडून टाकतील.

आपला,
धर्मगुरू