कंडूची कारणमीमांसा

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुराभोवती, कपाशी-तुरीच्या काळ्या रानात, पावसाचा जोर ओसरू लागला की बांधांवर आणि पडितांत गाजरगवताची पांढरी फुले दाटतात. आणि त्या रानात वर्षानुवर्षे राबणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या पापण्या सुजून येतात, मानेच्या व कोपरांच्या घड्यांतील कातडी जाड आणि काळसर होते, रात्ररात्र अंगाची आग होते, परंतु सदऱ्याखालचे अंग बहुधा शाबूत राहते. घरातील वडीलधारे ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावतात, शेजारी ‘कर्जाचा घोर घेतला आहे’ असे म्हणतो, तर शिकलेला मुलगा ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून मोकळा होतो.

या तिन्ही मतांमागे दीर्घ विचारपरंपरा आहे. चरकसंहितेने विचर्चिकेची, म्हणजे इसबासारख्या विकाराची, गणना क्षुद्रकुष्ठांत केली, आणि कुष्ठाच्या, म्हणजे एकंदर त्वचारोगांच्या, हेतूंत विरुद्ध आहाराबरोबरच ऊन, श्रम व भय यांनी व्याकुळ झालेल्या माणसाने एकाएकी शीतल जल सेवन करणे हेही सांगितले. देह आणि चित्त यांच्यामध्ये भिंत घालण्याची आवश्यकता त्या शास्त्रकारांना भासली नाही. ती भिंत युरोपात उभी राहिली. १८९१ साली ब्रॉक आणि जाके या फ्रेंच वैद्यांनी चिवट कंडूचे, म्हणजे खाजेचे, मूळ मज्जातंतूंत मानले. १८९५ साली यादासोन याने संशयित द्रव्य त्वचेला लावून प्रतिक्रिया पाहण्याची परीक्षा प्रचारात आणली. आणि १९०६ साली फॉन पिर्के याने ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा योजिली. पुढे १९२१ साली प्राउस्निट्झ याने, मासे न सोसणाऱ्या आपल्या क्युस्टनर नामक सहकाऱ्याच्या रक्ताचा रस स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तेथे गांधी उठली. तेव्हा अ‍ॅलर्जीचा पक्ष प्रबळ झाला.

गाजरगवताचा मामलाही याच पक्षाच्या बाजूने गेला. १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे विदेशी तण थोड्याच वर्षांत देशभर फैलावले, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी पुण्याचे डॉ. लोणकर व त्यांचे सहकारी यांनी त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाची सप्रमाण नोंद केली. वाळलेल्या गवताचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उघड्या अंगावर बसतात, त्यांतील पार्थेनिन या द्रव्याविरुद्ध शरीरातील पांढऱ्या पेशी चवताळतात, आणि इसब धरते.

तथापि एवढ्याने मनाचा संबंध संपला असे नव्हे. सहा आठवड्यांहून अधिक काळ उठत राहणाऱ्या गांधींत पुष्कळदा बाहेरचे कोणतेही द्रव्य सापडत नाही, शरीराचीच प्रतिद्रव्ये स्वतःच्या पेशींवर उलटलेली आढळतात. आणि हिस्टामिन हे खाज उठवणारे द्रव्य सोडणाऱ्या मास्ट पेशी मज्जातंतूंच्या टोकांपाशीच वसत असल्याने तणावात स्रवणारी द्रव्ये त्यांनाही चेतवतात. कंडूने झोप मोडते, झोप मोडल्याने चित्त अस्वस्थ होते, आणि अस्वस्थ चित्ताला कंडू अधिक जाणवते. म्हणून तणाव हा बहुधा रोगाचा जनक नसून त्याला बळ देणारा असतो, असे मानणेच मला न्याय्य वाटते.

यास्तव तपासाआधी निवाडा नको. घरातील अनेकांना रात्री खाज सुटत असेल तर प्रथम खरजेचा संशय घ्यावा. पुरळाविना सर्वांगाला खाज असेल तर यकृत, मूत्रपिंड व थायरॉइड तपासून घ्यावेत. वांगे, अंडे, डाळ ही पोषक अन्ने केवळ वहिमावर सोडू नयेत, आणि दुकानातून मिळेल ते मलम तर मुळीच चोळू नये. ज्याला गाजरगवत बाधते त्याने ते स्वतः उपटू नये. इतरांनी हातमोजे घालून, फुलोऱ्यापूर्वीच ते उपटावे. आणि ज्याच्या अंगाची आग होते आहे त्याला ‘हे तुझ्या मनाचे खेळ’ असे कोणीही, वैद्यानेसुद्धा, म्हणू नये. कारण मन बिघडले असले तरी कातडीची कैफियत खरीच असते.