कमावलेले सामर्थ्य कोणाचे?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे उतरलेले आहेत. दक्षिणेस अंबड-घनसावंगीच्या पुढे गोदावरीचे खोरे पसरले आहे. या भूमीत बाराही महिने सायकल चालवायची म्हटले, तर प्रत्येक ऋतू आपली स्वतंत्र परीक्षा घेतो. उन्हाळ्यात दिवस थोडा वर आला की रस्ता तापतो. पावसाळ्यात काळी माती चाक आणि चिमटा यांच्यामध्ये अशी गच्च बसते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. हिवाळा तेवढा दयाळू.

डोंगरवाटांवरील सायकलस्पर्धा हा आज जगन्मान्य खेळ आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर काही हौशी तरुणांनी तो रूढ केला आणि १९९६ साली अटलांटा येथे त्याला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. ऑलिंपिकमधील ही शर्यत सुमारे दीड तासात संपते. तिची तयारी मात्र वर्षभर चालते. प्रथम काही महिने संथ, लांब पल्ल्याची रपेट. मग तोच चढ पुनःपुन्हा चढण्याचा सराव. त्यानंतर स्पर्धांचा हंगाम आणि शेवटी काही आठवडे विश्रांती. ही विश्रांतीही साधनेचाच भाग होय. कारण श्रमाने थकलेला स्नायू बळकट होतो तो श्रमानंतरच्या विसाव्यात.

अशा सातत्यापुढे आपले मस्तक सहजच लवते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आपला वैद्यकीय व्यवसाय सांभाळून सराव केला आणि २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. सद्गुण हा सवयीने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तो विचार पुढे नेला. संत पौलानेही करिंथकरांना लिहिताना धावपटूच्या संयमाचा दाखला दिला आहे. मग वर्षभराची ही कठोर साधना म्हणजेच सद्गुण, असे म्हणावे काय?

येथे थोडे थांबावे लागते. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूने कर्करोगावर मात करून ‘टूर द फ्रान्स’ ही स्पर्धा सलग सात वेळा जिंकली. त्याच्या श्रमात कसूर नव्हती. परंतु उत्तेजक द्रव्यांचा वापर सिद्ध झाल्यावर २०१२ साली ती सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि २०१३च्या जानेवारीत त्याने स्वतः कबुली दिली. ज्या चिकाटीने तो घाट चढला, त्याच चिकाटीने त्याने वर्षानुवर्षे असत्यही जपले. चिकाटी ही हत्यारासारखी असते. ते कोणाच्या हाती आहे, हे तिला ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण इटलीच्या जिनो बार्ताली यांचे. हे श्रद्धाळू कॅथलिक खेळाडू १९३८ आणि १९४८ साली तीच फ्रेंच स्पर्धा जिंकले. या दोन विजयांच्या मध्ये महायुद्ध झाले. १९४३-४४मध्ये जर्मनांच्या ताब्यातील इटलीत छळ होत असलेल्या ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रे सायकलच्या नळीत दडवून ते पोहोचवीत असत. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता या मदतकार्याचे आधारस्तंभ होते. वाटेतील सैनिकांना वाटे, विजेता सरावाला निघाला आहे! बार्तालींनी हयातीत याचा गाजावाजा केला नाही. २००० साली ते निवर्तले आणि २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्यांचा सन्मान केला.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, बार्तालींनी सराव केला होता तो शर्यतीसाठी, परोपकारासाठी नव्हे. त्यात गैर काहीच नाही. खेळाला आनंद हे प्रयोजन पुरेसे आहे. पण हाक आली तेव्हा कमावलेले बळ त्यांनी आपले म्हणून राखून ठेवले नाही. साधना माणसाला समर्थ करते. ते सामर्थ्य दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी मात्र केवळ साधनेतून येत नाही. ती अंतःकरणातून यावी लागते.

आपल्या घरांतही हा प्रश्न उभा राहतो. मुलगा वा मुलगी खेळात चमकू लागली की घराचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागते. आई पहाटे चारला उठते, वडील खर्चाची तोंडमिळवणी करतात, धाकटी भावंडे आपल्या हट्टांना मुरड घालतात. अशा वेळी त्या खेळाडूला कोणी विचारते का, की बाळा, आज घरात कोण थकले आहे? वर्षभर स्वतःच्या देहाचे ठोके मोजणाऱ्यास शेजारच्याचा श्वास ऐकू येईनासा होणे अगदी सोपे असते.

राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून जालन्यासारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. त्याच काळ्या मातीतून पायडल मारीत जाणारी मुलगी कोणत्याही स्पर्धेत नाही. तिच्या चिकाटीला टाळ्या नाहीत, पदक नाही. तरी धाकट्या बहिणीला मागे बसवून ती शाळेत नेते, तेव्हा आपल्या पायांतले बळ कोणाचे, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या उपासनावर्षात सर्वांत दीर्घ काळ असतो तो सामान्यकाळ. त्यात ना नाताळची रोषणाई, ना पास्काचा जल्लोष. खेळाडूचे खरे वर्षही असेच सामान्य दिवसांचे असते आणि आपलेही. त्या दिवसांत आपण बळ कमवीत असतो. ते मागायला कोणी दारी आले, तर आपण दार उघडू काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.