वाऱ्याने नेलेली टोपी

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या खानदेशात वाऱ्याचे दिवस येतात. दुपारी बांधाबांधावरून वावटळी उठतात, आणि तिसऱ्या प्रहरी सातपुड्याच्या बाजूस काळे ढग जमून एकाएकी असा सोसाटा सुटतो की घरांवरील पत्रे उडतात, आंबे गळतात, व वाटसरूच्या डोक्यावरील टोपी पाहता पाहता दिसेनाशी होते. टोपी नवी असली तर मनुष्य हसतो व दुसरी विकत घेतो. परंतु ती वाडवडिलांची असली, बाजारात मिळेनाशी झालेली असली, आणि तिच्याशी एखाद्या मृत माणसाची आठवण जोडलेली असली, तर काय करावे? तिच्यासाठी दुःख करणे योग्य आहे काय? योग्य असल्यास ते किती करावे? प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि मोठी संकटे आयुष्यात क्वचित येतात, लहान हानी मात्र प्रत्येक घरी दर वर्षी होते, आणि मनाला जे वळण लागते ते अशा लहान प्रसंगांतच लागते. म्हणून आम्ही आज हा विषय घेत आहो.

उदाहरणादाखल वाचकांनी अशी कल्पना करावी. भुसावळास रेल्वेत नोकरी केलेल्या एका आजोबांची शोला टोपी नातवाने जपून ठेविली आहे. ह्या टोपीचे नाव सूर्यावरून पडले असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या झाडावरून पडले आहे. त्या झाडाचा पांढरा गाभा म्हणजे भेंड. आपल्याकडे लग्नातली बाशिंगे ज्या भेंडाची करीत आले, त्याच भेंडाचा सांगाडा करून त्यावर कापड चढवीत. भुसावळ-जळगावाकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात ही टोपी डोके थंड ठेवी, कारण भेंड हलके असते व त्यातून उष्णता लवकर आत येत नाही. आता असे समजा की तो नातू ती टोपी घालून जळगावाहून चोपड्याकडे निघाला, आणि विदगावच्या पुलावर वाऱ्याचा एक झोत आला. टोपी उडाली, कठड्यावरून गेली, आणि तापीच्या पात्रात पडली. जो हलकेपणा तिचा गुण होता, तोच तिच्या नाशास कारण झाला.

घरी गेल्यावर त्याला पहिली गोष्ट कोणती ऐकावी लागेल? खेड्यात कोणी वृद्ध मनुष्य म्हणेल की, डोक्यावरचे वाऱ्याने नेले, हा अपशकुन होय. घरावर काही येणार. ह्या समजुतीस आम्ही स्पष्ट उत्तर देतो. वैशाख-ज्येष्ठात जमीन तापते, तप्त हवा वर चढते, व तिचे मोठे ढग बनतात. ढगातून पडणाऱ्या सरी खालच्या कोरड्या हवेत बऱ्याचशा सुकून जातात. त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर चोहोंकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा सोसाटा तो हाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. टोपीच्या काठाखाली वारा शिरतो, फुगीर माथ्यावरून तो अधिक वेगाने वाहिल्यामुळे तेथील दाब कमी होतो, आणि टोपी वर उचलली जाते. ह्यात कोणाचा कोप नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर उंच पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथे वाऱ्यापासूनच वीज निर्माण होते. एकाची टोपी नेणारा वारा दुसऱ्याच्या घरी दिवा लावतो, आणि त्याला ह्या दोहोंचीही जाणीव नसते.

दुसरी गोष्ट अब्रूची. आपल्या भाषेत डोक्यावरील वस्त्र व मनुष्याची प्रतिष्ठा ही एकमेकांपासून निराळी काढता येत नाहीत. शरण जाणारा मनुष्य पागोटे पायांवर ठेवतो. वचन मोडणारा टोपी फिरवितो. त्यामुळे भर रस्त्यात टोपी उडाली की मनुष्याला आपण उघडे पडलो असे वाटते, व तो जिवावर उदार होऊन तिच्यामागे धावतो. चीन देशात ह्याविषयी एक जुनी कथा प्रसिद्ध आहे. चौथ्या शतकात ह्वान वेन नावाच्या सेनापतीने नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी एका डोंगरावर मेजवानी दिली. तेथे मेंग जिया नावाच्या अधिकाऱ्याची टोपी वाऱ्याने उडाली, पण त्याचे तिकडे लक्ष गेले नाही. सेनापतीने इतरांस गप्प राहण्याची खूण केली, आणि तो जरा बाहेर गेला असता त्याची थट्टा करणारा लेख लिहवून टोपीसह त्याच्या आसनावर ठेविला. मेंग जिया परत आला, त्याने तो लेख वाचला, आणि लगेच असे सुंदर उत्तर लिहून दिले की सर्व मंडळी थक्क झाली. आज इतक्या शतकांनंतरही त्याचे नाव त्या उडालेल्या टोपीमुळेच लोकांच्या तोंडी आहे. ज्याची प्रतिष्ठा त्याच्या शांत स्वभावात आहे, तिला वारा काय करणार?

तथापि अब्रूचा प्रश्न सुटला म्हणून दुःखाचा सुटला असे होत नाही. काही सज्जन म्हणतात की निर्जीव वस्तूवर मन जडविणे हीच चूक. आम्हास हे मान्य नाही. प्रेषित पौलाने बंदिवासातून तीमथ्याला लिहिताना, त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा आठवणीने मागितला, आणि त्याबरोबर पुस्तके व चर्मपत्रेही मागितली. मृत्यू समोर दिसत असताना ज्याला आपल्या झग्याची आठवण राहिली, त्याला आम्ही लोभी म्हणणार नाही. आजोबांची टोपी गेली म्हणून ज्याचे डोळे भरून येतात तो भेंडासाठी रडत नाही. ज्या घामेजलेल्या कपाळावर ती वर्षानुवर्षे बसली, त्या कपाळासाठी रडतो. अशा दुःखाची थट्टा करू नये, व 'दुसरी घे' असे म्हणून त्याचे समाधानही करू पाहू नये.

मात्र दुःखालाही क्रम असतो. ज्या सोसाट्याने टोपी नेली, तोच रावेर-यावलकडील केळीच्या बागांत शिरतो. केळीचे खोड लाकडाचे नसते; पानांच्या देठांच्या घट्ट गुंडाळीचे ते बनलेले असते, आणि घड भरल्यावर तिचा सारा भार वर जातो. वर्षभर पाणी दिलेली बाग एका घटकेत आडवी होते, आणि तिच्याबरोबर शेतकऱ्याचे कर्ज फेडण्याचे साधन, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण ही सर्व आडवी होतात. टोपी हरविलेल्या मनुष्याने आपले दुःख खोटे आहे असे मानू नये. पण त्याने आधी शेजाऱ्याच्या बागेत जावे, आडव्या झालेल्या केळी उचलू लागावे, पंचनाम्यासाठी त्याच्याबरोबर तलाठ्याकडे जावे, आणि मग सायंकाळी घरी बसून टोपी आठवावी. आपली हानी सांगत बसून शेजाऱ्याची हानी न पाहणे, हा दोष आम्ही गावोगाव पाहतो, आणि तो टोपी जाण्याहून फार मोठा आहे.

आता कोणी विचारील, अशी वस्तू बाहेर काढावीच का? पेटीत कुलूप लावून ठेविली असती तर गेली नसती. आम्ही विचारतो, पेटीत वाळवी व कसर लागत नाही काय? ज्या टोपीचा नातवांनी कधी स्पर्शही अनुभवला नाही, ती त्यांच्या लेखी असून नसल्यासारखीच. वापरावी, पण शहाणपणाने वापरावी. वाऱ्याच्या दिवसांत तिचा पट्टा हनुवटीखाली बांधावा, अथवा पुलावर ती हातात धरावी. आणि इतके करूनही ती गेली, तर भरधाव मालमोटारींच्या रस्त्यावर तिच्यामागे धावू नये. आजोबांना आपल्या टोपीपेक्षा नातवाचा जीव प्रिय होता, हे त्याने विसरता कामा नये.

ह्याहून महत्त्वाची एक खबरदारी आहे. वस्तू जाण्यापूर्वी तिची हकिकत घरच्यांना सांगून ठेवावी, व शक्य तर लिहून ठेवावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी घराघरांतील माळ्यांवर व पेट्यांत कुजत पडलेली जुनी कागदपत्रे आयुष्यभर गावोगाव फिरून मिळविली, आणि 1898 सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या नावाने ती छापविली. ते 1926 साली धुळ्यास वारले, व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच स्थापन झाले. त्यांच्या हाती येण्यापूर्वीच किती दप्तरे वाण्याच्या पुड्यांत व चुलीत गेली असतील, ह्याची गणती कोण करणार? जळगावाजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांचेही तसेच. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर व शेतात काम करताना त्या गाणी रचून म्हणत, आणि ती वाऱ्यावर जात. त्यांचे पुत्र सोपानदेव व एक नातलग ह्यांनी त्यांतली काही लिहून ठेविली. 1951 साली बहिणाबाई वारल्या, आणि पुढील वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने छापली गेली. जी लिहिली गेली ती आज साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत. न लिहिलेली कोणालाच परत आणता येणार नाहीत.

म्हणून, वाचकहो, पावसाळ्याचे ढग जमण्यापूर्वी आपापल्या घरी इतके करावे. आजोबांची टोपी, आजीचे जाते, वडिलांची काठी, जे काही जुने घरी असेल ते एके दिवशी मुलांसमोर काढून ठेवावे. ते कोणी वापरले, कोणत्या कामात वापरले, त्या मनुष्याने कोणते कष्ट काढले व कोणाच्या उपयोगी पडला, हे सांगावे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वहीत उतरवून घ्यावे. पुढे वारा टोपी नेईल, वाळवी काठी खाईल, जाते फुटेल. परंतु ज्या घरी वहीत आजोबांच्या कष्टांची हकिकत आहे, व ती वाचून नातवंडे तसेच वागू पाहतात, त्या घरचे फारसे काही गेले असे आम्ही म्हणणार नाही.