धर्माला मिठी कशी मारतात?

नाशिक

चि. छकुलीस,


बाबासाहेबांनी बौद्ध धर्म ‘एम्ब्रेस’ केला, असं तुझ्या इंग्रजी पुस्तकात आहे. धर्माला मिठी कशी मारतात, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

शब्दाच्या मुळाशी आहे लॅटिन ‘ब्राकियम’, म्हणजे बाहू. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘ब्रेसलेट’ही त्याच घराण्यातलं. आधी माणसांना बाहूंत घेतलं जायचं, पुढे मतं आणि धर्मही ‘एम्ब्रेस’ होऊ लागले.

‘हग’ची गोष्ट निराळी. (हसू नकोस! मराठी घरात तो शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नाही, हे ठाऊक आहे मला.) काही अभ्यासक त्याचं नातं जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘हुग्गा’शी, म्हणजे धीर देण्याशी जोडतात. मला ते पटतं, कारण आपल्याकडेही असंच काहीसं घडलंय. ज्ञानेश्वरीत आलिंगनाला ‘खेंव’ म्हटलंय, आणि ते आलं ‘क्षेम’वरून. खुशाली विचारायची तीच मुळी उराशी धरून! अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला असाच हृदयाशी धरतो. मूळ गीतेत हा प्रसंग नाही, तो ज्ञानदेवांनी पदरचा घातला.

आता बाबासाहेब. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 ला इथे सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं चालला, पण दार उघडलं नाही. मग आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, 13 ऑक्टोबर 1935 ला, त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात. मधली एकवीस वर्षं वाचन, विचार, पारख यांत गेली. इतक्या विचारान्ती घेतलेल्या गोष्टीला ‘मिठी’ हा शब्द तोकडा पडतो. त्यासाठी मराठीत ‘अंगीकार’ आहे. त्यातही अंग आहेच बघ, पण उमाळ्यापेक्षा निश्चय जास्त. ‘बदलाला मिठी मारा’ असलं भाषांतर करणाऱ्यांना हा शब्द कुणीतरी सांगायला हवा.

तेव्हा वहीत ‘बौद्ध धर्माचा अंगीकार केला’ असं लिही. आणि दिवाळीच्या सुट्टीत ये, येवल्यात ती घोषणा झाली ती जागा, मुक्तिभूमी, तुला दाखवायची राहिली आहे.

तुझे आजोबा